काटकसरीचा उपदेश आणि जमेची कोरी बाजू

दरवर्षी जून-जुलैमध्ये महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की विद्यार्थ्यांना उद्देशून एक ठराविक उपदेश सुरू होतो. शिक्षणासाठी प्रथमच घराबाहेर पडणाऱ्या मुलाने वा मुलीने वर्षाचे अंदाजपत्रक आखावे, गरज आणि चैन यांतील भेद ओळखावा, चहा-नाश्त्याचा खर्च आटोक्यात ठेवावा आणि दरमहा काही शिल्लक टाकावी, असे वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, बँकांची माहितीपत्रके आणि स्वागत समारंभांतील पाहुणे एका सुरात सांगतात. उपदेश मुळात वाईट नाही. परंतु ज्याला तो केला जातो त्याच्या वहीत खर्चाची बाजू भरलेली आणि जमेची बाजू कोरी असते, याचा या मंडळींना पत्ता नसतो. असलाच, तरी त्याविषयी बोलण्याची त्यांची तयारी नसते.

या उपदेशकांचे आवडते सूत्र म्हणजे पन्नास-तीस-वीस. उत्पन्नाचा निम्मा भाग गरजांवर, तीस टक्के हौशीवर आणि वीस टक्के बचतीसाठी. एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या कन्येने 2005 साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून हे सूत्र लोकप्रिय झाले. ते नियमित पगार मिळवणाऱ्या अमेरिकन कुटुंबांसाठी होते. ज्याला पगार नाही, त्याने पन्नास टक्के कशाचे काढायचे? शून्याची वाटणी कोणत्याही प्रमाणात केली, तरी वाट्याला शून्यच येते.

बीड जिल्ह्यातील एका ऊसतोड कामगाराची मुलगी पुण्यात विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला येते, असे उदाहरण घेऊ. आकडेही गृहीत धरू. ठिकाणाप्रमाणे ते कमीजास्त होतील. मेसचे महिन्याला 3,000, खोलीतील एका कॉटचे 2,500, आणि प्रवास, वह्या, मोबाईल, औषधपाणी मिळून 1,000 रुपये. दहा महिन्यांचे हे झाले 65,000. त्यात प्रवेशशुल्क 10,000, खोलीची अनामत 5,000 आणि गादी-बादली-भांड्यांचे 2,000 मिळवले की एकूण 82,000 रुपये होतात. यात सिनेमा नाही, सहल नाही, नवा कपडा नाही. उपदेशकांनी लाल शाई घेऊन यातील चैनीची बाब खोडून दाखवावी.

एकूण रकमेपेक्षाही महत्त्वाची आहे ती खर्चाची वेळ. प्रवेश, अनामत, सामान, पहिल्या महिन्याचे भाडे, मेसची आगाऊ रक्कम आणि किरकोळ खर्च मिळून पहिल्याच महिन्यात 23,500 रुपये, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक रक्कम रोख मोजावी लागते. आणि हा महिना कोणता? ज्या महिन्यात शेतकरी बी-बियाणे आणि खतांसाठी दारोदार फिरतो, तोच. सोयाबीन हाती येणार दसरा-दिवाळीला, कापूस त्याहून उशिरा. ऊसतोडीचे काम तर पावसाळा सरल्यावर सुरू होणार. मग मुलीचे शुल्क भरले जाते ते मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून किंवा सावकाराच्या पैशातून. आईबापांनी अजून न तोडलेल्या उसावर मुलीचे पहिले सत्र उभे राहते. या कुटुंबाला वेळेचे नियोजन शिकवण्याआधी शासनाने आपले वेळापत्रक तपासावे.

शासनाच्या वहीत या मुलीसाठी काय लिहिलेले आहे, तेही पाहू. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे नियम 2021 साली सुधारण्यात आले. त्यांत कला, विज्ञान, वाणिज्य अशा सर्वसाधारण पदवी अभ्यासक्रमाच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याला निर्वाहभत्ता ठेवला वर्षाला 6,000 रुपये, म्हणजे महिन्याला 500. घरून ये-जा करणाऱ्याला त्याच्या निम्मा. दुसरीकडे, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने 2016-17 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली, तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये ठरवले. त्यांपैकी भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000.

हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. मोठ्या शहरात राहून शिकायला 60,000 लागतात, हे एका सरकारने स्वतःच मान्य केले. त्यानंतर दुसऱ्या सरकारने त्याच वर्गातील विद्यार्थ्याच्या हातावर त्याचा दहावा हिस्सा ठेवला. विद्यार्थ्याचे अंदाजपत्रक चुकते कोठे, हे शोधण्यासाठी त्याच्या चहाच्या पेल्यात डोकावण्याची गरज उरत नाही.

यावर सांगितले जाते की, शासन शुल्क माफ करते. महाराष्ट्रात 2024 साली व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या, आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत जाहीर झाली. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु शुल्क माफ झाले म्हणून भूक माफ होत नाही आणि घरमालकही भाडे सोडत नाही. वरच्या हिशेबात 82,000 पैकी शुल्क होते 10,000. दुसरा तोडगा कर्जाचा. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत तारणाविना कर्ज आणि व्याजात सूट आहे. पण ती आहे गुणवत्तेच्या क्रमवारीत निवडलेल्या संस्थांपुरती. तालुक्याच्या महाविद्यालयात कला शाखेला बसलेल्या मुलाने काय करावे? शिवाय शिक्षणाचा खर्च समाजाने उचलायचा की विद्यार्थ्याने डोक्यावर कर्ज घेऊन, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

या महाराष्ट्रात त्या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी दिले गेले आहे. राजर्षी शाहूंनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. 1924 साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे छत्रपती शाहू बोर्डिंग उभारले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही विकले. खेड्यातला मुलगा शिक्षण सोडतो तो बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, दोन वेळच्या भाकरीची सोय नसते म्हणून, हे या माणसांनी ओळखले होते. त्यांनी काटकसरीवर व्याख्याने दिली नाहीत, चुली पेटवल्या.

आता दोन शब्द आपल्याच साथींसाठी. आपल्यातील काहींना अंदाजपत्रक हा मध्यमवर्गीय छंद वाटतो. प्रश्न व्यवस्थेचा असताना वहीत आकडे कशाला मांडायचे, असे ते विचारतात. त्यांना दादाभाई नौरोजींचे स्मरण करून दिले पाहिजे. 1876 साली ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ हा निबंध वाचताना दादाभाईंनी हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न काढले 20 रुपये, आणि त्याच्यासमोर तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च मांडून दाखवला. ज्या राज्यात मोकळ्या माणसाला कैद्याइतकेही मिळत नाही, त्या राज्याविषयी वेगळे भाषण करावे लागले नाही. हिशेबाची वही दुबळ्याच्या हातात आली की ती आरोपपत्र होते.

म्हणून प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अंदाजपत्रक जरूर मांडावे, पण महिनावार मांडावे. खर्चासमोर जमेच्या बाजूला हक्काचे प्रत्येक येणे लिहावे: शिष्यवृत्ती, निर्वाहभत्ता, स्वाधार, वसतिगृहातील जागा. अर्ज कोणत्या तारखेला केला आणि रक्कम कोणत्या तारखेला जमा झाली, याची नोंद ठेवावी. या दोन तारखांमधल्या काळात घ्यावी लागलेली उसनवारी आणि तिचे व्याज वेगळ्या रकान्यात लिहावे. ते व्याज वास्तविक शासनाचे देणे आहे.

कार्यकर्त्यांचे काम यापुढचे. जून उजाडण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी मदतकेंद्र उघडावे. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला वेळेत मिळवून द्यावा. संगणकावरचा अर्ज स्वतः बसून भरून द्यावा. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शुल्काची अडवणूक होत असेल, तेथे प्राचार्यांसमोर उभे राहावे. आणि सत्राच्या अखेरीस शंभर विद्यार्थ्यांच्या शंभर वह्या समाजकल्याण कार्यालयाच्या टेबलावर नेऊन ठेवाव्यात. मागणी साधी आहे: निर्वाहभत्ता शासनाने स्वतः मान्य केलेल्या खर्चाइतका असावा, महागाईबरोबर तो वाढावा, आणि त्याचा पहिला हप्ता प्रवेशाच्याच महिन्यात मिळावा.

विद्यार्थी आपला हिशेब मांडायला तयार आहे. शासनानेही आपली वही उघडावी.