बोटीवर इन्व्हर्टर घेताय? आधी बॅटरीचा हिशोब करा



मालवण, तारकर्ली, दापोली... कोकणात पर्यटकांसाठी बोट टाकायचं स्वप्न बघणारे खूप जण आहेत. बोट ठरली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "दोन हजार वॅटचा इन्व्हर्टर बसवू, म्हणजे टेन्शन नाही." माझं मत याच्या उलट आहे. टेन्शन तिथूनच सुरू होतं!

इन्व्हर्टर वीज तयार करत नाही. बॅटरीतल्या १२ व्होल्ट डीसीचं तो २३० व्होल्ट एसी करतो, बस्स. बॅटरी म्हणजे टाकी, इन्व्हर्टर म्हणजे नळ. नळ मोठा लावला म्हणून टाकीतलं पाणी वाढत नाही.

आधी वही उघडा

समजा तुमची सफर सहा तासांची आहे. छोटा फ्रिज सरासरी ६० वॅट धरला तर ३६० वॅट-तास. मोबाइल चार्जिंग ४० वॅट, दोन तास, म्हणजे ८०. दिवे ३० वॅट, एक तास, म्हणजे ३०. सरबतासाठी ५०० वॅटचा मिक्सर सगळा मिळून सहा मिनिटं, म्हणजे ५०. एकूण ५२०. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून साधारण ६०० वॅट-तास.

आता टाकी बघा. १२ व्होल्ट, १०० एएचची लेड-अ‍ॅसिड बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. पण ती टिकवायची असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे ६००. जेमतेम भागलं! यात चहासाठी इंडक्शन लावलात तर वीस मिनिटंही निघणार नाहीत. चहा किनाऱ्यावरून थर्मासमध्ये भरून न्या. दिवे आणि चार्जिंग थेट १२ व्होल्टवर घ्या. मग हजार वॅटचा इन्व्हर्टर पुरतो. फक्त फ्रिज सुरू होतानाचा झटका तो पेलतो का, ते विकत घेण्याआधी तपासा.

काय घ्यायचं?

प्युअर साइन वेव्हच घ्या. स्वस्त स्क्वेअर वेव्हवर फ्रिज आणि मिक्सरच्या मोटारी तापतात. घरचा जुना इन्व्हर्टर उचलून बोटीत ठेवायचा मोह टाळा. खारी हवा आणि सततचे हादरे यांसाठी तो बनवलेलाच नसतो.

बसवताना काटकसर नको

हजार वॅटला १२ व्होल्टवर ९० अँपिअरच्या वर करंट जातो. त्यामुळे वायर जाड आणि आखूड हवी. दीड मीटरच्या आत असेल तर ३५ स्क्वेअर एमएमची, कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर घ्या. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून शक्यतो सात इंचांच्या आत हवा. इन्व्हर्टर कोरड्या, हवेशीर जागी बसवा. बॅटरीच्या जवळ, पण तिच्या पेटीत नाही, कारण चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो. पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यात तर अजिबात नाही. एसी बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतोच. त्याची न्यूट्रल-अर्थ जोडणी बोटीचं काम जाणणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आणि इंजिन स्टार्ट करायची बॅटरी वेगळी ठेवा. फ्रिजने बॅटरी संपवली आणि भर समुद्रात इंजिन सुरू झालं नाही, तर सोबतच्या दहा माणसांना काय सांगणार?

लोक म्हणतात, "एवढा खर्च सुरुवातीला कशाला?" मी म्हणतो, खर्च कमीच करा, पण उपकरणं कमी करून. वायर आणि फ्यूजमध्ये नको. गार सरबत मिळालं नाही तर गिऱ्हाईक थोडं नाराज होईल. बोटीत धूर दिसला तर ते परत येणार नाही, आणि दुसऱ्यालाही येऊ देणार नाही.

तेव्हा दुकानात जायच्या आधी एक काम करा. उपकरण, वॅट आणि तास असे तीन रकाने आखा आणि बेरीज करा. इन्व्हर्टर किती वॅटचा घ्यायचा, हे दुकानदाराने नाही, त्या कागदाने ठरवायचं!