शिष्यवृत्त्या बुडतात कोठे?

पालक, मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांस जाहीर निवेदन

शिष्यवृत्त्यांच्या योजना दफ्तरी पडून असताना गरजू विद्यार्थी शुल्काअभावी महाविद्यालयाच्या दारातून माघारी फिरतो, आणि त्याचा दोष त्याच्या आळसावर व पालकांच्या अज्ञानावर ढकलून शाळा मोकळ्या होतात, ही रीत अन्यायाची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क-शिष्यवृत्ती आहे. उणीव योजनांची नाही. ती आहे विद्यार्थ्याला त्या योजनांपर्यंत वेळेत पोहोचविणाऱ्या जबाबदार माणसाची.

बारावीचा निकाल लागल्यानंतर तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जात पडताळणी आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांची जुळवाजुळव ऐन प्रवेशाच्या धांदलीत करावयाची असते. शाळेच्या दाखल्यावरील नाव आणि आधारवरील नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला की शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्ज त्रुटीचा शेरा घेऊन परत येतो. आणि त्या त्रुटीचा संदेश ज्या मोबाईलवर यावयाचा, तो बापाच्या खिशात, ऊसतोडीच्या फडात असतो. मुदत टळते, आणि गुणवत्ता यादीत झळकलेला मुलगा 'अपात्र' ठरतो.

अशा वेळी शाळेचा समुपदेशक कोठे असतो? बहुतेक शाळांत तो नसतोच. असलाच, तर वर्षाकाठी एखादे व्याख्यान देऊन कृतकृत्य होतो. खरे समुपदेशन कसे असते, याचे जुने उदाहरण पाहा. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईतील शाळामास्तर होते, आणि भीमराव आंबेडकर त्यांच्या शाळेचे विद्यार्थीही नव्हते. तरीही पैशांअभावी त्यांचे शिक्षण अडते असे दिसताच केळुसकरांनी त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढे नेऊन उभे केले, आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. योग्य विद्यार्थी हेरून त्याला योग्य दारी नेणे, हेच समुपदेशन होय.

म्हणून आमची मागणी अशी की, प्रत्येक शाळेने एक शिक्षक या कामी लेखी हुकमाने नेमावा आणि त्याला इतर अशैक्षणिक कामांतून मुक्त करावे. आठवीत एनएमएमएस या केंद्रीय शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी त्याने करून घ्यावी, कारण तीत निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. नववीतच प्रत्येकाच्या कागदपत्रांची फाईल उघडून नावांतील तफावत दुरुस्त करवावी. जात पडताळणीचा प्रस्ताव विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी बारावीच्या वर्षातच दाखल करावा, हे पाहावे. आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रवेशाच्या (कॅप) फेरीऐवजी व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास शुल्क-शिष्यवृत्तीवर पाणी सोडावे लागते, ही गोष्ट प्रवेशापूर्वीच पालकांच्या कानी घालावी. यासाठी मोठा निधी लागत नाही, नव्या कायद्याचीही गरज नाही.

पालकहो, जूनमधील पालकसभेत फळ्यांच्या रंगरंगोटीची चर्चा ऐकून घरी परतू नका. आमच्या मुलांच्या शिष्यवृत्तीची जबाबदारी कोणावर, हा एकच प्रश्न उभे राहून विचारा. आणि त्या शिक्षकाचे नाव सूचनाफलकावर लागेपर्यंत तो विचारीत राहा.

आपले नम्र,
काही पालक व निवृत्त शिक्षक