पदराची गाठ

घरात थोडी रोकड आणि थोडे सोने हाताशी राखून असणारा माणूस हल्ली थट्टेचा विषय होऊन बसला आहे. मोबाईलवर बोट टेकवले की भाजीवालीपासून विजेच्या बिलापर्यंत सारे देणे फिटते, मग तांदळाच्या डब्यात नोटांची पुरचुंडी कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. माझा पुतण्या बेळगावात नोकरीला आहे. तो मला म्हणाला, "तात्या, घरातला पैसा म्हणजे निजलेला पैसा. त्याला व्याज कुठे?" त्याचा हिशेब चुकीचा नाही. परंतु विहिरीच्या काठी गुंडाळून ठेवलेल्या दोरालाही व्याज मिळत नसते आणि तरी शहाणा माणूस तो दोर विकत नाही. अडीनडीसाठी राखलेली पुंजी ही गुंतवणूक नव्हेच. तिने किती मिळवून दिले हे विचारावयाचे नसते. ती वेळेला हाती लागली की नाही आणि कोणाच्या हाती लागली, एवढेच विचारावयाचे असते. यांतला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

आमच्या निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला ही सवय कंजूषपणाने लागलेली नाही. हा तंबाखूचा मुलूख. तंबाखूच्या पिकात पैसा दिसतो तो वर्षातून एकदा, आणि तोही माल वखारीत गेल्यावर व्यापाऱ्याच्या सवडीने. याच मालाच्या भावासाठी १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडले आणि एप्रिलमधल्या गोळीबारात माणसे मेली. आता पुष्कळ शिवारांत तंबाखू जाऊन ऊस आला आहे. ऊस कारखान्यात गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत असे १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. कोणत्या साली किती दिवसांनी बिल जमा झाले, हे ज्याच्या त्याच्या पासबुकाला ठाऊक! तेव्हा पीक उभे असून हातात दमडी नाही, ही अवस्था आमच्याकडे नवी नाही. मुलाची फी, बाळंतपण, मयत यांपैकी काहीच सुगीची वाट पाहत नाही. अशा वेळी घरातल्या बाईचा दागिना सराफाच्या पेढीवर जाई आणि पीक विकले म्हणजे परत येई. माझ्या आजीच्या पाटल्या वर्षातले जितके महिने तिच्या हातात असत तितकेच महिने गहाण असत, असे आमच्या घरात हसत सांगत. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

त्या पिढीच्या बायकांना सोन्याची जी जाण होती ती आजच्या पदवीधरांत क्वचित आढळते. कोल्हापुरी साज हा आमच्याकडचा मानाचा अलंकार. पण त्याचे मणी आणि बोरमाळेचे मणी आतून लाखेचे, वर सोन्याचा पातळ पत्रा. मोडीला गेले की लाखेचे वजन वजा होते आणि घडणावळ तर बुडतेच. म्हणून साज अंगावर मिरवावा आणि पाटली अडचणीसाठी राखावी, हे त्यांना सांगावे लागत नसे. त्याहून धोरणी बाई चोख सोन्याचे वेढणे करून ठेवी. त्यात लाख नाही, खडा नाही, कारागिरीही नाही. पुतळ्यांच्या माळेची सोय आणखी निराळी. एखादी पुतळी सोडवून विकता येते, सारी माळ मोडावी लागत नाही. अडचण जेवढी, तेवढेच सोने मोडता यावे, अशी ती दृष्टी होती. आज पाच तोळ्यांचा एकच हार करतात आणि वेळ आली म्हणजे चाळीस हजारांसाठी तो अख्खा गहाण टाकतात.

इतका भरवसा सोन्याचाच का, असे कोणी विचारील. सरकारने नाणे बदललेले आमच्या लोकांनी वारंवार पाहिले आहे, हे त्याचे एक कारण. राणीच्या आणि पंचम जॉर्जच्या रुपयात शंभरांत जवळजवळ ९२ भाग चांदी असे. १९४०मध्ये ती निम्म्यावर आली आणि १९४७मध्ये रुपया निकेलचा झाला. राणीछाप रुपये जे पेटीच्या तळाशी गेले ते आता लक्ष्मीपूजनापुरते वर येतात. जानेवारी १९४६मध्ये ५००, १००० आणि १०,०००च्या, तर जानेवारी १९७८मध्ये १०००, ५००० आणि १०,०००च्या नोटा रद्द झाल्या. पण तसल्या नोटा त्या काळी खेड्यात पाहिल्या होत्या कोणी? तो घाव पेढीवाल्यांना बसला.

सोन्यावरही गदा आलीच. चीनच्या आक्रमणानंतर जानेवारी १९६३मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणले आणि १४ कॅरटहून चोख दागिना घडविण्यास बंदी झाली. देशभर सोनारांच्या शेगड्या विझल्या. १९६८च्या कायद्याने सोन्याची लगड खासगी माणसाने बाळगणेच बेकायदा ठरविले, दागिन्याला मात्र मोकळीक राहिली. तो कायदा १९९०मध्ये रद्द झाला. साठवण करावयाची ती दागिन्यातच, ही सवय त्याने अधिक घट्ट केली असावी, असा माझा तर्क आहे.

घराघरांतले डबे उघडले ते ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्रीने. ५०० आणि १०००च्या नोटा गेल्या. चलनाच्या एकूण किमतीत त्यांचा वाटा शंभरांत ८६ होता. काळा पैसा कोणाचा किती निघाला, हा वाद अर्थशास्त्र्यांनी घालावा. मी पाहिले ते एवढेच, की आमच्या गल्लीत सर्वांत आधी उजेडात आला तो बायकांचा पैसा. दुधाच्या हिशेबातून, भिशीतून, विड्यांच्या मजुरीतून, भाऊबिजेच्या ओवाळणीतून वर्षानुवर्षे जमविलेला. तो चैनीसाठी नव्हता. नवऱ्याने हात उगारला, लेक सासरहून परत आली, स्वतःचेच काही दुखणे निघाले, तर कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये म्हणून तो होता. आता नोटा बदलावयाच्या तर रांगेत उभे राहा, ओळखपत्र दाखवा, अर्ज भरा. ज्यांचे स्वतःचे खाते नव्हते त्यांना नवऱ्यापुढे नाही तर मुलापुढे मूठ उघडावी लागली. अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींची चौकशी होणार नाही, असे सरकारने सांगितले होते. घरातल्या चौकशीचे काय? "आमच्याकडे तर कुबेरच दडला होता," म्हणून कट्ट्या-कट्ट्यांवर हशा पिकला.

आमच्याकडच्या एका विड्या वळणाऱ्या बाईने अठरा हजार रुपये मुलाच्या खात्यात भरले. मुलाने ते उधळले असे नाही. त्यातून मोटारसायकलचे हप्ते गेले, एवढेच. पुढे तिला मोतीबिंदू काढून घ्यावयाचा होता, तेव्हा ते पैसे मागावयास तिची जीभ रेटेना. वर्षभर ती एका डोळ्याने विड्या वळत राहिली. हिशेब पाहू गेले तर रकमेत एक पैसाही कमी झालेला नव्हता. जुन्या नोटेबद्दल नवी नोट मिळाली होती. तरी तिची पुंजी गेली ती गेली. नोटाबंदीच्या जमाखर्चाचे पुष्कळ तक्ते मी वाचले, हा रकाना त्यांत कुठे दिसला नाही.

रोकडीवाचून काय अडते, हे पुढे तीन वर्षांनी कळले. ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगा, दूधगंगा आणि वेदगंगा एकाच वेळी चढल्या. शिरोलीजवळ आणि निपाणीलगत यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आले आणि कोल्हापूर-निपाणी ही सुमारे ४० किलोमीटरांची वाट तुटली. कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी हे बंधारे तर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारेच. जुलै २०२१मध्ये यमगर्णीला पुन्हा तेच झाले. वीज गेली, मोबाईल मुके झाले, एटीएमच्या दारावर कागद चिकटला. तेव्हा ज्याच्या घरी दहा-वीस-पन्नासच्या नोटा होत्या त्याला दूध, मेणबत्त्या आणि ट्रॅक्टरवाल्याचे भाडे देता आले. २०१९च्या पुरात ज्याच्याजवळ २०००ची गुलाबी नोट होती तो सुट्ट्या पैशांसाठी दारोदार फिरला. (ती नोटही मे २०२३मध्ये मागे घेण्याचे जाहीर झाले.) सोने त्या आठवड्यात कुचकामी. पुतळी मोडून अर्धा लिटर दूध कोण देणार?

भिजलेल्या नोटा तव्यावर शेकणारी घरे मी पाहिली. भिजक्या-फाटक्या नोटा बँकेत बदलून मिळतात, हे पुष्कळांना ठाऊक नव्हते. लॉकरात ठेवले म्हणजे चिंता मिटली असे मानणाऱ्यांनी आणखी एक कलम वाचावे. १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा नोकरांची लबाडी यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट आहे. पूर-भूकंपात, बँकेची हयगय नसेल तर, तीही नाही. नदीकाठच्या गावात हे कलम दवंडी पिटून सांगावयास हवे.

बँकेवर विश्वास ठेवू नये, असे माझे म्हणणे नाही. माझे निवृत्तिवेतन बँकेतच जमा होते. परंतु आमच्याकडे 'बँकेत ठेवले' म्हणतात आणि प्रत्यक्षात कोपऱ्यावरच्या पतसंस्थेत ठेवतात. बँकेतल्या ठेवीला विमा आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये त्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर नेली. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. माझ्या मेव्हण्याची ठेव अशाच एका संस्थेत अडकली. व्याज थोडे जास्त मिळत होते, म्हणून मुलीच्या लग्नाचे पैसे तिथे ठेवले होते. लग्न ठरले तेव्हा दाराला कुलूप होते आणि कुलपाला नोटीस. विमा असलेल्या बँकेचाही अनुभव पाहावा. सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदाराला सहा महिन्यांत अवघे १००० रुपये काढण्याची मुभा होती. ती मर्यादा मागाहून वाढली, पण त्या आठवड्यात ज्याचा रुग्ण दवाखान्यात होता त्याने काय करावयाचे?

याचा अर्थ गादीखाली नोटांच्या थप्प्या लावाव्यात असा नव्हे. चोराला आमंत्रण आणि उंदराला मेजवानी, शिवाय २०१६सारखी रात्र पुन्हा येणार नाही असे कोणी लिहून दिलेले नाही. पंधरा दिवसांचा घरखर्च आणि रातोरात रुग्णाला बेळगाव, मिरज किंवा कोल्हापूरला नेऊन दाखल करता येईल एवढी रक्कम घरी असावी, त्यातली निम्मी शंभर आणि त्याखालच्या नोटांत. जोडीला तोळा-दोन तोळे चोख सोने, लहान लहान वेढण्यांत. बाकीचे बँकेत. ज्यांची मजुरी संध्याकाळी येऊन सकाळी संपते त्यांना हे सांगणे म्हणजे चेष्टा आहे, हे मी जाणतो. त्यांची अडचण साठवणीने सुटणारी नाही, मजुरीच्या दराने सुटावयाची आहे.

सीमेवर राहणाऱ्याला कागदांचे एक जास्तीचे पथ्य आहे. कोल्हापूरकर वाचकांना कोगनोळीचा नाका म्हणजे प्रवासातले एक ठिकाण. आमचे दवाखाने, बाजार आणि सोयरिकी त्या नाक्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या आहेत. १ नोव्हेंबर १९५६ला राज्याची रेघ पडली म्हणून लेकीचे सासर काही हलले नाही. २०१८ आणि २०२३मध्ये कर्नाटकात विधानसभेच्या निवडणुका लागल्या, तेव्हा तपासणी नाक्यांवर ५० हजारांवर रोकड सापडली तर कागद दाखवावा लागे. दवाखान्याला निघालेल्या माणसाने बँकेतून पैसे काढल्याची पावती बरोबर ठेवावी, हे त्यावरून समजले. पण आजीच्या सोन्याला पावती कुठली? प्राप्तिकर खात्याच्या वरिष्ठ मंडळाने १९९४मध्ये अधिकाऱ्यांना कळविले होते, की झडतीत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. ही सवलत झडतीपुरती. त्यावरून दागिना कोणाच्या मालकीचा, हे ठरत नाही. म्हणून प्रत्येक नगाची, वजनासह आणि तो कोणाकडून आला या माहितीसह, घरात यादी असावी.

त्या यादीत मालक म्हणून नाव कोणाचे घालावयाचे, यावर घरोघर घोटाळा होतो. कायद्याचा घोटाळा नाही. एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले, की स्त्रीधन हे पत्नीचेच, नवऱ्याचा त्यावर अधिकार नाही आणि अडचणीत त्याने ते वापरले तर परत करण्याचे नैतिक बंधन त्याच्यावर आहे. माझ्या आजीला हे कोणी सांगितले असते तर तिने पाटल्यांचे काय केले असते, कोण जाणे.

आमच्या घरची यादी माझ्या पत्नीने केली आहे. माहेरचे आणि सासरचे असे दोन रकाने पाडून, प्रत्येक नगापुढे सराफाच्या काट्यावरचे वजन लिहून. रोकडीचा डबा कोठे असतो ते तिने त्या कागदावर लिहिलेले नाही. सुनेला ठाऊक आहे, एवढे मला समजले. मी अधिक विचारले नाही.