आधी खोली मोजा, मग टेबल घ्या



दांडेकर पूल परिसरातल्या आमच्या काही भगिनींचा एक बचत गट आहे. जुन्या साड्या-लुगड्यांच्या गोधड्या शिवून त्या विकतात. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात त्यांनी तळमजल्याची खोली भाड्याने घेतली आहे. यांच्यातल्या कितीतरी जणींच्या आयांनी याच पेठेत धुणीभांडी केली. आज लेकी तिथे स्वतःच्या कुलपाची किल्ली घेऊन जातात, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही.

गटाने आता कर्ज काढून गोधडीचे मोठे मशीन घ्यायचे ठरवले आहे. त्याला ‘लाँगआर्म’ म्हणतात. हिशेबाची वही आमच्याकडे असल्याने प्रश्नही आमच्याकडेच आला : टेबल केवढे घ्यावे? विक्रेता म्हणतो, बारा फुटी घ्या, पुन्हा घ्यायला नको.

उत्तर देण्यापूर्वी एक कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी याच गटाला आम्ही आठ बाय चार फुटांचे कापणीचे टेबल घ्यायला लावले. तेव्हा खोली वरच्या मजल्यावर होती. आम्ही खोली मोजली, पण जिना मोजला नाही. वाड्याचा लाकडी जिना अरुंद, त्यात वळणाचा. टेबल वर गेलेच नाही. चौकात पडून राहिले आणि पहिल्याच पावसात प्लायवूड फुगले. बायकांनी रुपया-रुपया करून जमवलेले पैसे पाण्यात गेले. कोणी आम्हाला बोलले नाही, म्हणून ते अधिक लागले.

या वेळी आम्ही टेप घेऊन गेलो.

साध्या मशीनमध्ये मशीन जागेवर असते आणि आपण कापड सरकवतो. गोधडी जाड झाली की तिची गुंडाळी मशीनच्या हाताखाली मावत नाही, खांदे भरून येतात. लाँगआर्ममध्ये उलटे असते. गोधडी रुळांवर ताणून बसवतात आणि मशीनच रुळावरून मागेपुढे, डावी-उजवीकडे फिरते. म्हणजे हे टेबल नव्हे, चौकट आहे. चौकटीच्या लांबीवर गोधडीची रुंदी ठरते. गोधडीची लांबी कितीही असो, ती रुळावर गुंडाळली जाते. दोन्ही टोकांना मशीनला जागा लागते, म्हणून चौकट गोधडीच्या रुंदीपेक्षा दीड-दोन फूट जास्त हवी.

एकेरी गोधडी पाच फूट रुंद. तिला सात फुटी चौकट पुरते. दुहेरी साडेसात फूट. तिला साडेनऊ, म्हणजे दहा फुटी. नऊ फुटी मोठ्या पलंगाची असेल तरच बारा फुटी लागेल. आम्ही गेल्या वर्षाची वही उघडली. बाळाची दुपटी आणि एकेरी गोधड्याच जास्त. दुहेरी मोजक्या. त्याहून मोठी एकही नाही.

आता खोली. आतून साडेतेरा फूट लांब, साडेदहा फूट रुंद. बारा फुटी चौकट ठेवली तर दीड फूट उरते. तेवढ्यात बाई जाणार कुठून? दहा फुटी ठेवली तर एका टोकाला तीन फुटांची वाट राहते. चौकटीची रुंदी मशीनसह पाच फूट धरली, तर समोर उभे राहायला तीन आणि मागे अडीच फूट मिळतात. मागची जागा सोडून चालत नाही, कारण कागदावरचा नमुना गिरवताना मागे उभे राहूनच मशीन चालवतात.

आणखी एक. मशीनच्या हाताखाली वीस इंच जागा असली तरी गुंडाळी त्यातली काही खाते, म्हणून एका वेळी शिवायला त्याहून कमीच मिळते. टेबल दोन फूट वाढवल्याने ही जागा एका इंचानेही वाढत नाही. पैसे जास्त घालायचेच असतील तर ते मशीनच्या हातावर घालावेत.

उंची कोपराच्या बेताने ठेवावी. बुटक्या भगिनीसाठी पाट ठेवावा, कोणाची कंबर मोडू नये. आणि वाड्याची फरशी उंचसखल असते, म्हणून पाणसळ लावल्याशिवाय चौकट बसवू नये. उतार राहिला तर मशीन आपोआप घरंगळते आणि रेघ वाकडी जाते.

हे सारे आपल्याला नवे वाटते, पण नवे नाही. वर्षावास संपल्यावर आपण कठिन चीवरदान करतो. ‘कठिन’ म्हणजे मुळात चीवर ताणून शिवायची चौकटच. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात तिचे नियम आहेत. उंचसखल जागी पसरल्याने ती फाटू लागली, तेव्हा भगवान बुद्धांनी तसे पसरण्यास मनाई केली. मातीने मळू लागली, तेव्हा खाली गवत अंथरण्याची अनुमती दिली. माप पुरेना, तेव्हा दांड्या आणि दोऱ्या बांधून जुळवून घ्यायला सांगितले. उघड्यावर शिवताना भिक्खूंना थंडी-ऊन लागू लागले, तेव्हा त्यासाठी शाळा बांधू दिली. आणि मगधातली बांध घातलेली शेते दाखवून आनंदांना तुकड्या-तुकड्यांच्या चीवराची कल्पनाही त्यांनीच दिली, असे महावग्गात आहे. तुकडे जोडून पांघरूण करणे हे हलके काम आहे, असे आपल्या मुलींना कोणी म्हणाले तर हे सांगावे.

गटाने दहा फुटी चौकट ठरवली आहे, तीही सुट्या भागांची, नटबोल्टने जोडायची. वाडा उद्या पाडायला निघाला तर उचलून नेता आली पाहिजे. कमी कर्ज, कमी हप्ता.

या वेळी आम्ही दरवाजाही मोजला आहे. दोनदा.

नमो बुद्धाय, जयभीम.