‘डिप्रेशन’ की नुसती उदासी?

पेपर कठीण गेला की गोंदियातल्या अभ्यासिकेत कुणीतरी म्हणतंच, “यार, डिप्रेशन आलंय!” बहुतेकदा ती उदासी असते, मित्रासोबत चहा घेतला की ओसरते. डिप्रेशन हा आजार आहे. किमान दोन आठवडे, जवळपास रोज मन खिन्न, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली. अँग्झायटी वेगळी, तिच्यात पुढं काय होईल या धास्तीनं छाती धडधडते. परीक्षेसाठी हे शब्द पाठ करताच ना, मग अर्थही नीट शिका. सगळेच गमतीनं ‘डिप्रेशन’ म्हणू लागले, तर खरोखर बुडणाऱ्याचं बोलणं कोण मनावर घेणार? घरी मात्र इंग्रजी नको. “आई, कशातच मन लागत नाही, झोप येत नाही,” एवढं तिला पुरतं. तिलाही सांगवत नसेल, तर सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन आहे: १४४१६. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतूनही बोलता येतं.