पाच मिनिटांची तपासणी आणि आपला संकोच



पर्युषणात दहा-दहा उपवास करणाऱ्या आपण. पण गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी म्हटलं की मागे सरतो. "आपलं खाणं सात्त्विक, वागणं सरळ, आपल्याला कशाला?" हे आपल्या वाशिम-कारंज्याकडे मी पुष्कळदा ऐकलंय.

माझं मत स्पष्ट आहे. या आजाराचा चारित्र्याशी संबंध लावू नये. तो एचपीव्ही विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही होऊ शकतो. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो. काहींच्यात मात्र राहतो आणि बऱ्याच वर्षांनी कर्करोग होतो. मधल्या काळात काहीच दुखत नाही, म्हणूनच त्रास नसताना तपासायचं.

1999 साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने 30 ते 59 वयाच्या 1,31,746 खेडेगावातल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. आठ वर्षांत, नेहमीसारखंच चालू ठेवलेल्या गटात या कर्करोगाने 64 जणी गेल्या. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या, साधारण तेवढ्याच मोठ्या गटात 34. एका तपासणीने एवढा फरक पडला!

तपासणीला पाळी नसताना जावं. आधीचे दोन दिवस संबंध आणि आतून लावायची औषधं टाळावीत. उपाशी राहायची गरज नाही. लघवीला जाऊन यावं. पाय दुमडून झोपायचं. डॉक्टर एका उपकरणाने जागा थोडी उघडतात आणि मऊ ब्रशने नमुना घेतात, किंवा व्हिनेगरसारखं औषध लावून पाहतात. दाब जाणवतो, सुई नाही, टाके नाहीत. पाळी गेलेल्यांना कोरडेपणामुळे जरा टोचतं, ते आधी सांगावं. बाई डॉक्टर मागावी. दुखलं तर "थांबा" म्हणावं.

नंतर एक-दोन दिवस किंचित डाग दिसू शकतो. घरकाम चालतं. मंदिरात जायचं का, हा प्रश्न येतोच. हा डाग पाळीचा नव्हे. तरी मनाला खटकत असेल तर अभिषेक-पूजा नसलेले दिवस निवडा, पण तपासणी टाळू नका. जास्त रक्त गेलं, ताप आला, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

रिपोर्टमध्ये दोष आला म्हणजे कर्करोग झाला असं नाही. पुढे दुर्बिणीतून पाहतात, आणि सुरुवातीचा बदल असेल तर छोट्या उपचाराने तो बहुधा तिथेच थांबतो. घाबरून दुसऱ्या तपासणीला न जाणं, हाच खरा धोका. आणि पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर कुठल्याही शिबिराची वाट पाहू नका.

सरकारी कार्यक्रमात 30 वर्षांपुढच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

आपल्या धर्मात प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हा मोठा दोष मानला आहे. शरीराबाबत तो का चालवून घ्यावा? सून संकोचाने बोलत नाही, म्हणून आपण सासवांनीच म्हणावं, "चल, दोघी जाऊ."