‘सोशिक’ हा शब्द परत घ्या



आपल्यात बाई गेली की पुण्यानुमोदनाच्या सभेत तिच्यासाठी तीनच शब्द निघतात : प्रेमळ, कष्टाळू, सोशिक. गेल्या महिन्यात माझ्या सासूबाई गेल्या. सभेत सात जण बोलले, सातही पुरुष. बहुतेक जण बोलले ते सासऱ्यांबद्दल. सासरे नामांतराच्या लढ्यातले जुने कार्यकर्ते, तुरुंगात राहून आलेले. आत्याबाईंच्या (मी त्यांना हीच हाक मारायचे) वाट्याला एक वाक्य आलं : "साहेबांच्या मागे खंबीरपणे उभी राहिलेली सोशिक माउली."

मला या वाक्याशी भांडायचं आहे.

आधी ‘मागे’ हा शब्द घेऊ. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळू लागल्या. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, बहिष्कार झाला. मजुरी बंद, किराणा बंद, पिठाची गिरणीसुद्धा बंद. सासरे आत. घरात दोन लेकरं, म्हातारी सासू आणि तेवीस वर्षांच्या आत्याबाई. दळण डोक्यावर घेऊन त्या उजाडायच्या आत शेजारच्या गावच्या गिरणीवर जायच्या. एकटीनं जायचं नाही, हे वस्तीतल्या बायकांनी बसून ठरवलं होतं. कुणी लेकरं सांभाळायची, कुणी कुणाचं दळण आणायचं, ज्या घरात ज्वारी संपली तिथं कुणी पायली द्यायची, हेही ठरलेलं. याला संघटना म्हणतात. पुरुषांनी केली असती तर तिला अध्यक्ष, सचिव आणि लेटरहेड असतं.

तो माणूस आत टिकला, कारण बाहेर चूल पेटत होती. मग चळवळीत पुढे कोण आणि मागे कोण, हे कुणी ठरवलं?

आता ‘सोशिक’. सोसणं हा बाईचा गुण मानणारा ग्रंथ आपण १९२७ साली महाडला जाळला. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीनं उभं राहावं, त्याची गुलाम होऊ नये. आत्याबाईंनी हे भाषण वाचलेलं नव्हतं; त्यांना अक्षरओळखच नव्हती. पण सुटून आलेल्या नवऱ्यानं एकदा हात उगारला, तेव्हा त्यांनी तो विषय घरात मिटवला नाही. विहारातल्या बैठकीत, बाबासाहेबांच्या फोटोसमोर काढला. हे मला सासऱ्यांनीच सांगितलं. ते कधीच लपवत नसत आणि त्यानंतर हात उगारला नाही, हेही सांगत.

आणि ‘प्रेमळ’? होत्या, फारच. पण सुनेवर माया करणं हा नुसता स्वभाव नसतो. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये आपल्याच वाड्यांत सासवांनी सुनांचा केलेला छळ लिहून ठेवला आहे. ती साखळी कुणीतरी ठरवून तोडावी लागते. माझ्या एम.ए.च्या परीक्षेच्या वेळी लेकरू आठ महिन्यांचं होतं. भावकीतल्या बायका नावं ठेवत होत्या. आत्याबाईंनी लेकरू ठेवून घेतलं आणि मला एसटीत बसवलं. पदवी हातात आली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "बाबाचं नाव कुठंय?" मी दाखवलं. त्या जागी बोट ठेवून बराच वेळ बसल्या. ते नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला होता.

माझ्या चितेला लेकीनंच अग्नी द्यायचा, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. नणंदेनं दिला. कुरकुर झाली, दहाव्याला कावळ्याचा विषयही निघाला. बौद्ध घरात! त्यावर पुन्हा कधीतरी.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी बाबासाहेबांच्या काळातल्या कार्यकर्त्या स्त्रियांना शोधून काढलं, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं. नामांतराच्या पिढीतल्या बायका आज सत्तरीच्या आसपास आहेत. येत्या १४ एप्रिलला गावी जाल तेव्हा मिरवणुकीआधी तासभर काढा आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करा. "कसं वाटलं" असलं काही विचारू नका. रोज किती मिळायचा, दळण कुठून आणलंत, लेकरं कुठं लपवलीत, तुमच्याबरोबर कोण कोण होतं, हे विचारा. नावं सगळी घ्या.

आत्याबाईंचं माझ्याकडचं रेकॉर्डिंग चोपन्न मिनिटांचं आहे. त्यात त्यांनी अकरा बायकांची नावं सांगितली आहेत. त्यातल्या चौघी अजून गावात आहेत.